आधी आत, मग दार

पेंगहूला हिवाळ्यात वारा असा सुटतो
की भुईमुगाच्या वाफ्यांनाही
पोवळ्याच्या दगडांचा आडोसा करावा लागतो.
खिडक्यांच्या फटींत मी वर्तमानपत्र कोंबते,
तरी भिंतीवरचा तक्ता फडफडत राहतो.
दुसरीचा वर्ग. पटावर बारा, हजर अकरा.
लू पिन-यीला गालगुंड झालंय.

"वारा," मी म्हणते,
आणि अकरा तर्जन्या हवेत उठतात.
डावीकडून खाली एक, वरून वळसा घेऊन आकडा,
आत एक छोटी रेघ, आणि मग किडा.
बाई, वाऱ्याच्या पोटात किडा कशाला?
पुस्तकात याचं उत्तर आहे, दीड पान.
मी म्हणते, त्याशिवाय का तो इतका वळवळतो?
हे त्यांच्या लक्षात राहतं.
खरं असायची सक्ती नाही, लक्षात राहायची आहे.

रडण्याला दोन तोंडं वर, खाली कुत्रा,
कुत्र्याच्या खांद्यावर टिंब विसरलात
तर अश्रूच नाही, नुसता आरडाओरडा.

काओशुंगहून तपासनीस आले होते.
म्हणाले, आता उच्चार टाइप केला की अक्षर आपोआप उमटतं,
हे गिरवणं आणखी किती वर्षं?
मी मान डोलावली.
परवा औषधांच्या दुकानात चिठ्ठीवर 'शिंक' लिहिताना
निम्म्यावर माझंच मनगट अडलं.
शेवटी शिंकून दाखवलं.
तपासनिसांना हे सांगितलं नाही.

डोक्याच्या आधी मनगटाला पाठ होतं,
मनगटाच्या आधी खांद्याला.
म्हणून पहिल्यांदा मोठं, हवेत, सगळ्या अंगानं;
मग पाठमोऱ्या मुलाच्या सदऱ्यावर बोटानं
(त्याला गुदगुल्या होतात, तरी ओळखतो);
चौकटीच्या वहीत सगळ्यात शेवटी.

आणि ती तीन भावंडं, एकाच तोंडवळ्याची.
फरक इतकाच, की दार किती लावलंय.
त्यांच्यासाठी मी ओळ केली आहे:
उघडं ते आपलं,
लोटलं ते संपलं,
बंद ते सापाचं.
अकराही जण बाकं बडवत म्हणतात.

ओउ बो-जुन सगळ्यात मोठ्यानं म्हणतो.
शुद्धलेखनात त्याचं 'आधीच' कधी चुकत नाही,
दार मोजून अर्धं लोटलेलं.
घरच्या वहीत मात्र, 'आधीच' वापरून वाक्य करा:
*बाबांची बोट आधीच निघाली.*
बोट बरोबर. बाबा बरोबर, वळणदार.
दार सताड उघडं.
मागच्या आठवड्यातही तसंच. त्याच्या आधीही.

मधल्या सुट्टीत विचारलं.
वहीकडे बघत म्हणाला,
"वाऱ्यानं उघडलं, बाई."

मी लाल पेनानं गोल केला.
चूक ती चूक. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई असतील,
त्यांना इथला वारा ठाऊक नसेल.
खाली लिहिलं: दहा वेळा.
त्यानं दहा वेळा लिहून आणलं,
दहाही दारं नीट, अर्धी लोटलेली.
वही तपासून मी दप्तरात ठेवली
आणि उगाच परत काढून पाहिली.

बुधवारच्या शुद्धलेखनाला शब्द मीच निवडते.
पहिला घेतला 'परतणे'.
दोन चौकोन, एकाच्या पोटात एक.
मोठ्या घराच्या तीन बाजू आधी,
मग आतलं छोटं घर,
तळाची रेघ सगळ्यात शेवटी.
"आधी आत घ्या, मग दार लावा,"
हा नियम पहिलीपासूनचा, सगळ्यांना पाठ.

खाली मानेनं अकरा पेन्सिली चालल्या
आणि एकेक करून थांबल्या.
बो-जुनची छोट्या घराशी थांबली होती.
तळ बाकी होता.
तो रेघेच्या जागेवर पेन्सिल टेकवून
खिडकीकडे बघत होता,
जिथून नुसतं वर्तमानपत्र दिसतं.

पुढचा शब्द सांगायला मी जरा उशीर केला.
खडू शोधला, सापडलेला पुन्हा ठेवला.
मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
बाई, झालं!
तेव्हा म्हणाले,
"मासा."