नोंद क्रमांक सत्तेचाळीस

तांदळाच्या डब्यात ठेवायचो आम्ही फ्लॉप्या.
मेथर चेअरमनांची युक्ती: "तांदूळ ओल खेचतत गो."
नाहीतर वेंगुर्ल्याच्या हवेत
महिन्याभरात बुरशी धरायची काळ्या चकतीला,
खोबऱ्याच्या वाटीवर धरते तशी.

मच्छिमार सोसायटीची कचेरी बर्फाच्या कारखान्याला लागून.
पलीकडे क्रशर सुरू झाला की
पडदा आक्रसायचा,
हिरवी अक्षरं काकडायची.
ए मध्ये प्रोग्रॅम, बी मध्ये डिझेलचा कोटा.
आधी खरखर, मग कुरकुर, मग गप्प.
त्या गप्प होण्याचे मला सहाशे रुपये मिळत.

डीबेस शिकले सावंतवाडीत, आग्नेल सरांकडे.
चपला बाहेर, बोलणं हळू,
देवळात शिरल्यासारखं; आणि सर तर ख्रिस्तांव.
म्हणाले, डिलीट म्हणजे पुसणं नव्हे.
नोंदीच्या आधी एक चांदणी उमटते, एवढंच.
रिकॉल म्हणा, परत येईल.
पॅक म्हणालात, की गेली.
वहीत लिहून घेतलं मी,
खाली दोन रेघा मारल्या, परीक्षेत येईल म्हणून.

चौऱ्याण्णवच्या नारळीपौर्णिमेनंतर
'सातेरी प्रसाद' निवतीच्या खडकांपलीकडे गेली.
लवू केळुसकर आणि तिघे खलाशी.
परत आली ती डिझेलची दोन पिंपं,
रिकामी होती म्हणून.

दिवाळी झाल्यावर मेथर माझ्याकडे न बघता म्हणाले,
"नाव काढून टाक गो. कोटो फुकट जाता."
मी काढलं.
चांदणी उमटली.
पॅक केलं नाही.

यादीत छापली जायची नाही ती लाँच,
बेरजेत धरली जायची नाही,
पण सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये
आपली जागा अडवून होती
नावासकट, इंजिनच्या नंबरासकट.

लवूची शेवंता यायची मदतीच्या कागदांवर अंगठा द्यायला.
शाई पदराला पुसत एकदा विचारलंन,
"ती मशीनीत आसा मां गो अजून?"
"आसा," म्हटलं.
एवढंच बोलणं झालं आमचं, सगळ्या वर्षांत.

पुढे कुडाळचा एक मुलगा आला नवा कंप्युटर घेऊन.
अर्ध्या तासात सगळं उतरवून घेतलंन;
चांदणीवालं काही घेतलं नाही.
जुनं पेटाऱ्यात टाकायला काढलं, त्यातली एक
मी पिशवीत घातली. चोरीच म्हणा.

आता ती वाचणारं यंत्र कुठे नाही.
कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवली आहे मी,
सरांनी शिकवलं होतं तशी, नखाने दाबून.
हिच्यावर आता काही लिहिता येत नाही,
पुसताही येत नाही.

तांदूळ तेवढे बदलते, दर चतुर्थीच्या आधी.
जुने कावळ्यांना घालते.