मघाचे ढग

उन्हाळ्यात तो काचेला टिकायचाच नाही.
ओझरला विमान तासभर उन्हात उभं राहिलं
की रबराचं बूड मऊ पडायचं
आणि रिसीव्हर सुटून थेट मांडीत यायचा
हवामानासकट.
खैरनार मॅडम बुडाला थुंकी लावायच्या,
अंगठ्यानं दाबून धरायच्या, म्हणायच्या,
"एवढं तंत्रज्ञान. आणि शेवटी थुंकी."

पत्त्यांच्या कॅटाएवढा तो.
वरून कुठून तरी पाऊस गोळा करायचा
आणि रंगांत वाटून द्यायचा.
हिरवा म्हणजे जा.
पिवळा म्हणजे विचार कर.
लाल म्हणजे घरी कोण कोण आहे ते आठव.
मधोमध एक इवलंसं निळं विमान,
ते आम्ही.

खाली कोपऱ्यात एक आकडा असायचा, मुंगीएवढा.
पहिले दोन महिने तो मला दिसलाच नव्हता.
चित्र किती मिनिटांचं शिळं आहे
एवढंच तो सांगायचा.
मॅडमनी त्याच्याखाली जखमेवरची पट्टी चिकटवली होती
आणि बॉलपेननं लिहिलं होतं :
हे होऊन गेलेलं आहे.

मला वाटलं, असेल काही अध्यात्म.

त्या दुपारी धुळ्याला निघालो, दोघीच,
सीटमागे कुणाच्या तरी प्रयोगशाळेचं खोकं.
पिंपळगावच्या बागांची खरड छाटणी झालेली,
वरून नुसते खांब आणि तारा,
कुणी वहीत रेघा मारून लिहायचं विसरावं तशा.
चांदवडच्या अलीकडे पडद्यावर दोन लाल डाग
आणि दोघांच्या मधे हिरवी फट,
झाडून ठेवलेल्या बोळासारखी.

"जाते," मी म्हणाले.
"कशातून?"
"फटीतून."
"कुठल्या?"
मी पडद्यावर बोट ठेवलं.
त्यांनी ते बोट धरलं,
तसंच उचललं,
आणि समोरच्या मोठ्या काचेवर टेकवलं.

तिथं धोडपची खाच दिसायला हवी होती,
डोंगराच्या भिंतीतला तो पडलेला दात,
जो बघून सगळे शिकाऊ आपण कुठे आहोत ते ठरवतात.
खाच नव्हती.
भिंत नव्हती.
पितळेत विसरलेल्या ताकासारखा
एक कळकलेला हिरवट रंग
खालपासून वरपर्यंत उभा होता.

आकडा बघितला. अकरा.

निळं विमान आत्ताचं होतं
आणि ढग मघाचे.
कॅटाएवढ्या चौकोनात दोन वेळा शेजारी बसवल्या होत्या
आणि मी त्यांना एकच समजून
मधून वाट काढत होते.
अकरा मिनिटं म्हणजे काही फार नाहीत.
वरणाच्या शिट्ट्या होतात तेवढ्यात.
तेवढ्यात ढग आतून कडी घालतो.

वळवलं. वळताना रिसीव्हर पुन्हा सुटला,
खाली पेडलपाशी गेला.
कुणी वाकलं नाही.
मी फक्त क्षितिज धरून ठेवलं, जेवढं उरलं होतं तेवढं,
आणि माझा घसा
मोजून तीनदा कोरडा पडला.

ओझरला चाकांना ठोकळे लावत गांगुर्डे म्हणाला,
"मला वाटलंच होतं. सकाळपासून घारी खाली बसून आहेत."
मॅडम म्हणाल्या,
"हे तू मघाशी सांगायचंस."

मग पत्र्यावर गारा आल्या.
आधी चार, सुट्या,
मग बोलणंच बंद.
पाच मिनिटं आम्ही तिघं एकमेकांचे ओठ बघत उभे.
थांबल्या तेव्हा धावपट्टी पांढरी होती
आणि कडेनं वाफ निघत होती.
गांगुर्डेनं एक गार उचलून गालात धरली,
लहान मुलासारखी, आमच्याकडे पाठ करून.

रिसीव्हर तेवढ्यात मी बाहेर काढला होता.
दोन टक्के बॅटरी.
पडद्यावर लाल डाग
आत्ता कुठे ओझरकडे सरकत होता,
निळ्या विमानाच्या शेपटीपाशी येत होता,
आणि आमच्या पायांखालच्या गारा
निम्म्या विरघळल्या होत्या.

मॅडमनी चहाचा कप पंखावर ठेवला,
चष्मा वर केला, वाकून बघितलं.
"आली बघ," म्हणाल्या.