उणे दोन

वैशाखात सातेरीला दिवसातून तीनदा पाणी पाजावं लागतं.
सकाळी उन्हाआधी, दुपारी एकदा,
आणि रात्री, पिरावाडीत सगळे आडवे झाले की.
खालचा भाग खाडीतच असतो, त्याची काळजी नाही.
वरच्या फळ्या उन्हात आंबोशीसारख्या वळतात.
परवा फटीत नख जायचं,
आज बोटाचं अर्धं पेर.

गोणपाट भिजवून अंथरते,
त्यावर बादल्या. खारंच पाणी. गोडं लाकडाला कुजवतं
असं सासरे सांगायचे.
फार बोलत नसत ते,
एवढं मात्र दोनदा सांगितलेलं.

शेजारी भालू कुबलाच्या दोन, फायबरच्या.
फायबरला तहान लागत नाही.
भालू म्हणतो, "काकी, कित्याक मरतंस?"
मी म्हणते, दोरी ओढून घे रे तुझी,
माझ्या अंगावर येते.

रवळूचा फोन याच वेळेला येतो.
तिकडे उत्तरेत, ज्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही
अशा बंदरात
तो लोकांच्या होड्या राखतो.
मालक म्हणे सुट्टीपुरते येतात.
झाडांना पालवी फुटली, होड्या पाण्यात उतरवल्या,
आणि आज अवचित पारा खाली.
"आये, रातीक उणे दोन होतला."
म्हणजे किती, मी विचारते.
मला उणं फक्त मासळीच्या हिशोबात माहीत.

तो सांगतो, नळ्यांतलं पाणी काढून टाकलं,
इंजिनाशेजारी साठचा बल्ब लावला, वरून घोंगडी.
आता रात्रभर एकेकीला हात लावून बघायचं.
"हय पाणी गोठला काय फुगता,
आणि लोखंड फुटता."

बल्ब! कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा?
मी इतकी हसले की बादली हिंदकळली.
एकोणतीस होड्या, म्हणाला.
मग मला हसू येईना.
एकोणतिसांतली एक त्याची नाही.

तारकर्लीचा रिसॉर्टवाला पुन्हा येऊन गेला.
सातेरीला हिरवळीवर ठेवणार, आत फुलझाडं लावणार.
फटींचं काय, मी विचारलं.
असू देत, म्हणाला, त्याच तर छान दिसतात.
रवळूला हे मी सांगितलं नाही.
चाळीस हजार, तेही नाही.

"तू काय करतंस गे?"
फोन आडव्या फळीवर ठेवला,
नाळेकडून एक बादली ओतली
आणि गप्प राहिले.
भरती चढत होती. आधी नुसतं ठिबकणं,
मग कितीतरी वेळाने लाकूड आतून बोलायला लागलं,
टक्,
थांबून टक्,
फळी फुगून फळीला धरते
तेव्हा होतो तो आवाज.
इथे फुगलं तर वाचतं, हे मी त्याला म्हणणार होते.
म्हटलं नाही. तो ऐकत होता.
श्वास येत होता त्याचा, तोंडापुढे वाफ असावी.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
"डावीकडची तिसरी. ती अजून उघडीच आसा."
सहा वर्षांचा असताना
तिथेच त्याचा अंगठा चिमटला होता.

जा झिला, तुझा बल्ब बघून ये.
मी तिसरीवर अजून दोन ओतते.