एकोणचाळिसावा शब्द

ओरिस्तानोच्या दवाखान्यात दर सोमवारी दुपारी
मी रक्ताचे अहवाल सांगते.
बावीस वर्षं झाली. आवाज कधी खाली आणायचा
हे आता घशालाच कळतं.

आज बाकीझिओ आणि बोनारिया.
लग्न सप्टेंबरात, द्राक्षं उतरवून झाल्यावर.
त्याच्या बुटांना मेंढवाड्याची माती,
तिच्या पिशवीत कागदात बांधलेलं चीज, माझ्यासाठी,
जणू अहवाल चीजवर अवलंबून आहे.

मी कागद पालथा घालते, नेहमीसारखी सुरू होते:
पेशीपेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं,
तेवीस आईची, तेवीस बापाची.
एकेका संचात तीनशे कोटी अक्षरं,
आणि मुळाक्षरं फक्त चार.
चारच? बाकीझिओ म्हणतो,
आमच्या मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणासुद्धा जास्त आहेत.

जनुक म्हणजे त्या अक्षरांतलं एक वाक्य:
हे रांधा, इतकं रांधा, इथं थांबा.
अशी वीसेक हजार वाक्यं.
त्यांच्या मधल्या लांबच लांब ओळी काय बोलतात
ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही.

अकराव्या गुणसूत्रावर एक वाक्य आहे,
रक्ताचं तांबडेपण रांधणारं.
तुम्हा दोघांच्याही दोन प्रतींपैकी एकीत
एकोणचाळिसावा शब्द बिघडलाय.
एकच अक्षर बदललं, आणि शब्द म्हणतो: थांब.
वाक्य तिथंच तुटतं.
दुसरी प्रत धड आहे म्हणून तुम्ही धड आहात.
जरा फिकट, इतकंच.

मग चार चौकटी आखते.
एकीत दोन्ही प्रती धड. दोनींत तुमच्यासारखं, एकेक.
चौथीवर मी पेन्सिल टेकवत नाही.
बोनारिया बोट टेकवते. हे बाळ?
दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त, मी सांगते.
म्हणजे चार झाली तर त्यातलं एकच?
नाही गं. चौकटींना आठवण नसते.
दर खेपेला नव्यानं, पुन्हा चारांतली एक.

खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर
सुरू होत नाही, होत नाही, होत नाही.

कुणाकडून आलं हे? बाकीझिओ विचारतो,
नाव कळलं तर जाऊन भांडेल असा.
मग स्वतःच आठवतो:
आजोबांच्या घराच्या भिंतीवर अजून एक पुसट शिक्का आहे,
डासांवर औषध फवारल्याची तारीख.
त्याआधी पाच भाऊ दलदलीत लव्हाळी कापायला जायचे.
हिवतापानं चार नेले.
उरले ते फिकटच होते, गावात हसायचे त्यांना.

खात्री कुणी देणार नाही, मी म्हणते,
पण असल्या रक्तात हिवतापाचा जीव नीट रुजत नाही.
ज्यांची एक प्रत मोडकी होती, ते तगले जास्त.
तगले म्हणून त्यांना लेकरं झाली.
डास गेले. शब्द राहिला.

खाण तशी माती, म्हणतात.
मातीनंही खाण निवडली असेल,
हे कुणी म्हणत नाही.

म्हणजे हे नसतं तर मी नसतो, तो म्हणतो.
आणि हे आहे म्हणून, ती म्हणते,
आणि वाक्य तिथंच सोडते.

पुढचं मी सगळं सांगते: अकराव्या आठवड्यातली चाचणी,
दुसरे मार्ग, आणि काहीच न करणं, तोही एक.
घाई नाही म्हणते. सप्टेंबर जवळ आहे.

दाराशी बोनारिया थांबते.
हा हुबेहूब आजोबांसारखा हसतो म्हणे.
ते कुठल्या चौकटीत असतं?
तेवढं सोपं नाही ते, मी सांगते.
त्याला कितीतरी वाक्यं लागतात,
आणि एक स्वयंपाकघर, आणि हसणारं माणूस समोर.

रात्री घरी चीज कापायला घेतलं.
बरोब्बर चार तुकडे होत होते.
मी सुरी पुन्हा फिरवली.