नवतपा

गोळीबार चौकातल्या पराते काकू
खिशात कांदा ठेवल्याशिवाय
नातवाला दाराबाहेर सोडत नाहीत.
अन् कूलरात पाणी टाकतात
अनवाणी, ओल्या फरशीवर,
पंखा फुल्ल चालू.

"प्लग काढा जी आधी."
"काही नाही होत. वीस वर्सं झाले."

मी अर्थिंग समजावतो.
जाळीला टेस्टर लावतो,
आत लाल ठिपका पेटतो.
काकू म्हणतात,
तुझा टेस्टरच खराब आहे.

चहा येतो.
बशीतला शेवटचा घोट घेऊन
मी स्टुलावर चढतो,
नवी वायर दातांनी सोलतो.
मेन चालूच.

नातू खालून बघतोय,
कांदा एका हातातून दुसऱ्या हातात.
"काका, मेन?"

काही नाही होत बे,
असं म्हणायला जातो,
तर तोंडात वायर.