दुरुस्ती क्रमांक सात

कागद आला तेव्हा तिसऱ्या मशीनचं दार उघडं होतं
आणि आत सैनिकी इस्पितळाच्या चादरी
वाफाळत, एकमेकींना पीळ घालून पडल्या होत्या.

शुक्रवार, चार वाजून बावन्न मिनिटं.
असले कागद शुक्रवारीच येतात.
शंका विचारायला सोमवारपर्यंत पलीकडे कुणी नसतं.

मी इथली हिशेबनीस.
ओहायोच्या या खालच्या अंगाला, पेंट क्रीकपासून हाकेच्या अंतरावर,
वर्लीन स्टॅम्परच्या लाँड्रीत
अकरा वर्षं आकडे जुळवतेय.
करार वीस पानांचा,
त्याला जोडलेली कलमं दोनशे पानांची.
नाकापेक्षा मोती जड,
पण नाक टिकून आहे ते मोत्यावरच.

मागे एकदा अशीच सही झाली होती,
दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांची.
सरकारी काम करणाऱ्याला ताशी इतके डॉलर द्यायलाच हवेत, म्हणाली.
वर्लीनने पेन्सिल फेकली होती माझ्या टेबलावर:
"एवढे पैसे काय पाण्यातून काढू?"
मग काढले. पाण्यातूनच.
शेवटच्या खळबळीचं पाणी
पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला.
दोघींचा ओव्हरटाइम बंद.
वर्षभर आम्ही तिला शिव्या दिल्या, त्या सहीला.
आणि ओडालिसने दाढेचं काम करून घेतलं,
जे ती सहा वर्षं लवंगेवर ढकलत होती.

आता नवा आदेश म्हणतो, तो आदेश रद्द.
दीड ओळ.
खाली: दुरुस्ती क्रमांक सात, येथे सही करावी.

म्हणजे कमी द्या असं कुणी म्हणत नाही.
कमी दिलं तर चालेल, एवढंच.
पण जे आम्हाला चालेल ते पोर्ट्समथच्या डेल क्रचरलाही चालेल,
आणि पुढच्या निविदेत तो पौंडामागे नऊ सेंट खाली उतरेल.
मी कॅल्क्युलेटर दोनदा पुसून
तीनदा तेच उत्तर काढलं.

वर्लीनने चष्मा कपाळावर चढवला.
"निविदा कधी?"
"चौदा महिन्यांनी."
ती उठली, मशीनपाशी गेली,
रूथअ‍ॅनच्या समोरचं टोक धरून
एक चादर झटकली, घडी घातली. दुसरी. तिसरी.
बोलली काहीच नाही.
परत आली ती ओल्या हातांनी, आणि सही केली.
'स्टॅम्पर'मधला शेवटचा र पसरला.

"मजुरीचा रकाना आहे तसा ठेव."
"किती दिवस?"
"सप्टेंबरपर्यंत.
पुढचं मला विचारू नकोस, मीही मला विचारत नाहीये."

मी रकाना तसाच ठेवला.
शेजारी, पेन्सिलने, अगदी फिकट,
दुसरा आकडाही लिहून ठेवला.
हिशेबनिसाला लिहावा लागतो.

पाच वाजता ओडालिस हात पुसत आली.
तिने काचेतून सगळं बघितलं होतं.
"कसला कागद होता गं?"
"दुरुस्तीचा," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम उजळला.
"अरे वा! तिसऱ्या मशीनची?
दाराचं रबर कधीचं गळतंय."