अर्धा सूत

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या कडेला
सागाचे उरलेसुरले तुकडे किलोवर मिळतात.
पावणेतीन किलो घेतले.
पांचाळांनी रंधा दिला, वर बजावलं,
"रेघेच्या उलट ओढाल तर लाकूड चिडतं."

चौदा खाचा.
एकेक पेन निजवून, कडेने पेन्सिल फिरवून माप घेतलं.
इबोनाइटचं जाडजूड, त्याला पटाशी दोनदा;
पितळी टोपणाचं किडकिडीत;
आणि ते हिरवं, गळकं, जे माझं नाहीच.

बँकेच्या रांगेत एका बाईंनी दिलं होतं, सहीपुरतं.
सही झाली, मान वर केली,
त्या गेलेल्या.
शिपायाने हाक मारली होती म्हणून आडनाव तेवढं ठाऊक: सोहोनी.
एकोणीस वर्षं लक्ष्मी रोडवर
चष्म्याची सोनेरी काडी शोधतोय.
बायकोला सांगून झालंय,
आता तीही शोधते.

त्याची खाच सगळ्यांत खोल गेली.
तळाशी टीपकागद घातला.

झाकण अर्धा सूत उघडंच राहतं.
पांचाळ म्हणाले, "आणा, घासून देतो."
नको म्हटलं.
रात्री दिवा मालवला की
त्या फटीतून येतो
सागाचा वास, आणि मागून
शाईचा.